रांग हलली

कला माणसाला त्याच्या रोजच्या जगण्यातून बाहेर काढते. माझ्या मेहुण्याला तिने सासऱ्यांच्या घरातून बाहेर काढलं. पक्की नोकरी सोडून तो चौकाचौकांत ‘कलाकृती’ करत फिरायला लागला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. निरोप माझ्या बायकोमार्फत जायचे. ती वाटेत त्यांतल्या शिव्या काढून टाकायची.

त्याची नवी कलाकृती म्हणजे एक रांग. बंद पडलेल्या तार कार्यालयाच्या बाजूच्या भिंतीत पूर्वी एक दार होतं, ते विटांनी बुजवून वर गिलावा केलेला. त्या गिलाव्याकडे तोंड करून त्याने नाटकातली काही मंडळी एकामागोमाग उभी केली. झाली कलाकृती.

“लोक कशासाठी थांबतात, हे मी शहराला विचारतोय, भाऊजी.”

“शहराला कामं असतात,” मी म्हटलं.

नव्हती. दुपारपर्यंत रांग कोपऱ्यावरून वळून औषधांच्या दुकानापर्यंत पोचली. “कशाची हो?” असं विचारत माणसं यायची आणि उत्तराची वाट न बघता उभी राहायची. एक बाई आपल्या जागी पिशवी ठेवून बाजार करून आल्या. पिशवी तोवर प्रामाणिकपणे पुढे सरकली होती.

ही पिशवीची गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली. मेहुण्याला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“भाऊजी, लगेच या. रांग हलतेय.”

“मग चांगलंय की.”

“चांगलं काय? पुढे भिंत आहे!”

सगळ्यात पुढे त्याने एक उंच नट उभा केला होता, पिवळा रेनकोट घालून. तो नव्हता. त्याच्या मागची मुलगीही नव्हती. दोघांचे फोन बंद. नाटकवाली माणसं न सांगता जातात, असं मी त्याला समजावलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून रांगेकडे बघत उभा राहिलो. गिलावा गार होता, पलीकडे कुणी नळ सोडून ठेवावा तसा किंचित ओलसर. तापलेल्या डांबराचा वास येत होता. सगळ्यात पुढे आता एक टकले गृहस्थ होते. मी बघत होतो तोवर रांग तसूभर हलली नाही.

“अहो, तुमच्यामुळे अडलंय सगळं,” रांगेत मागून कुणीतरी ओरडलं.

बुटाची नाडी सुटली होती म्हणून मी वाकलो. पुष्कळ चपला एकदम सरकल्याचा आवाज झाला. मान वर केली तर ते टकले गृहस्थ नव्हते. त्यांच्या जागी त्या पिशवीवाल्या बाई होत्या, आणि आता आपलीच पाळी अशा चेहऱ्याने भिंतीकडे बघत होत्या.

“इथले गृहस्थ कुठे गेले?”

“झालं त्यांचं.”

“काय झालं?”

“काम,” बाई म्हणाल्या.

बाईंच्या मागे एक चष्मेवाला. त्याच्या मागे, बगलेत वर्तमानपत्र दाबून, माझे सासरे.

“तुम्ही इथे कसे?”

“काल लागलो, जावईबापू. रात्री मागच्या गृहस्थांनी नंबर धरला, म्हणून घरी जाऊन झोपून आलो.”

“पण कशासाठी?”

“पोचल्यावर कळेलच. एवढी माणसं काय खुळी आहेत?”

मेहुणा धावत आला. कित्येक वर्षांनी दोघे समोरासमोर. “बाबा, बाहेर या. ही रांग खोटी आहे. मी केलीय.”

सासऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तू? मग आधी सांगायचं नाहीस? पुढे तरी घुसवलं असतंस.”

“बाबा, पुढची माणसं जातायत कुठे तेच कळत नाही!”

“म्हणूनच दोघं राहिलेत फक्त. आता सोडू?” मग त्यांनी करंगळी वर केली. “पण पेट्रोल पंपावर जाऊन यायला हवं. मागचे गृहस्थ आज धरायला तयार नाहीत. जवळ आलं की माणसं बदलतात.”

“मी धरतो,” मेहुणा म्हणाला. बापाने त्याच्याकडे काही मागितलं, तेच इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो जागेवर उभा राहिला आणि माझ्या कानात पुटपुटला, “परत आणू नका त्यांना. तुम्ही दिसेनासे झालात की मी बाहेर पडतो.”

पंपावरच्या नळाखाली हात धूत सासरे म्हणाले, “ताठ उभा राहतो, नाही?”

“राहतो. चला, आता घरी जाऊ.”

“पोराला ताटकळत ठेवून?”

मी हात धरला. त्यांनी सोडवला. रस्ता त्यांनी माझ्या आधी ओलांडला.

बाई नव्हत्या. चष्मेवाला नव्हता.

सगळ्यात पुढे काल रात्री नंबर धरणारे गृहस्थ होते.

“इथे माझा मुलगा होता.”

“हो. लागला त्यांचा नंबर.”

“तो माझा नंबर होता,” सासरे म्हणाले.

“उभे ते होते.” गृहस्थांनी मान वळवली नाही.

मी गिलाव्यावर हात फिरवला. सगळी भिंत गार. छातीच्या उंचीवर पंजाएवढी एक जागा कोमट होती.

पोलिसांनी भिंत फोडली. आत वीट, तिच्यामागे वीट, आणि मग मोडक्या खुर्च्यांची खोली. गिलावा पुन्हा होईपर्यंत लोक शांतपणे उभे होते. सासरे तोवर औषधांच्या दुकानापाशी, रांगेच्या शेवटी जाऊन थांबले होते. पुढच्यांना सांगून मध्ये जागा मिळवतो, असं मी म्हटलं.

“नको. पोराची रांग आहे. नियमाने जाईन.”

बायको त्यांना रोज डबा नेऊन द्यायची, मी रोज शेजारी उभा राहायचो, भिंतीवर नजर ठेवून. गुरुवारी त्यांचा नंबर लागला. मला शिंक आली होती.

सोमवारपासून तिथे महिलांची वेगळी रांग केली आहे. ती भराभर सरकते, असं बायको आज सकाळी चपला घालताना म्हणाली.