पोपट आणि शाल

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका तारायानात बसला आहात. पृथ्वी सोडून दीड वर्ष झाले आहे. यान प्रकाशाच्या वेगाच्या ऐंशी टक्के वेगाने पळते आहे. मागून पृथ्वीवरच्या टीव्हीच्या लहरी धावत येतात, पण तुम्हीही पळताच आहात, म्हणून त्या ताणल्या जातात. दर आठवड्याचा कार्यक्रम तुम्हाला दर तीन आठवड्यांनी मिळतो. त्याचा वीस मिनिटांचा भाग लहरथाळीत उतरायला पुरता तास लागतो. यंत्र तीन मिनिटे लहरी गोळा करते, मग एक मिनिट चित्र दाखवते. यानातले लोक याला लहरताण म्हणत.

साडेनऊ वर्षांच्या शाल्मलीने असे थेंबाथेंबाने ‘गोदाक्काचा कारखाना’चे पंचवीस भाग पाहिले होते. गोदाक्का म्हणजे पिकल्या केसांची एक कारागीर बाई. पंचवीस भाग ती पत्र्याचा एक पोपट जोडत होती. पंख हलले, मान वळली. “आता पुढच्या वेळी, शेवटच्या भागात, हा बोलणार,” असे म्हणून तिने डोळा मिचकावला होता. पोपट काय बोलणार, या विचाराने शाल्मलीची झोप उडाली होती.

आणि नेमके तेव्हाच लहरप्रमुख विश्राम आगलावे यांनी जाहीर केले, “शनिवारी थाळी तासभर पृथ्वीकडे वळते, तो तास मला लागणार. माझ्या शाळेनं माझा सत्कार ठेवलाय. अध्यक्ष आहेत, शाल आहे, श्रीफळ आहे. शाल माझ्या तसबिरीला घालणार आहेत.”

“जिवंतपणीच?” शाल्मलीची आई वसुधा म्हणाली. ती यानाची गणितज्ञ होती.

“काका, आणि पोपट?” शाल्मलीने विचारले.

“पत्र्याचा पोपट बोलला काय नि न बोलला काय! थाळी एका वेळी एकच पकडते, बाळ.”

मोठी माणसे हसली. शाल्मली हसली नाही.

“विश्राम, लहर एकदा यान ओलांडून गेली की गेली,” वसुधा म्हणाली. “प्रकाशाला मागून कोण गाठणार? पोरीचा भाग कायमचा जाईल.”

“मग पुढं कुणीतरी झेलायला हवा. सांग अग्रकेंद्राला!”

अग्रकेंद्र म्हणजे यान जिथे चालले होते त्या ग्रहावर आधीच पोहोचलेले यंत्रांचे ठाणे.

“ते सांगितल्याशिवाय काही पकडत नाही. आणि मागाहून सांगून उपयोग नाही. आपला निरोप आणि ती लहर, दोघांचा वेग एकच. निरोप मागे राहिला, तर मागेच राहणार.”

“आणि आधी निघाला तर?” शाल्मलीने विचारले.

वसुधा लेकीकडे वळली. “तर जन्मभर पुढेच.”

यानात प्रत्येकाला वर्षाला तीस शब्दांचा निरोप पाठवता येई. यंत्र आवाज ओळखून शब्द मोजे आणि तीस झाले की लाल दिवा लावून बंद होई. तिथे प्रमुखाचीही वशिलेबाजी चालत नसे. शनिवारी थाळी पृथ्वीकडे वळण्याआधी शाल्मली लहरकक्षात गेली आणि म्हणाली, “पुढच्या केंद्रास. या निरोपाच्या मागोमाग पृथ्वीवरून गोदाक्काचा कारखाना येत आहे. शेवटचा भाग आहे. तो पूर्ण पकडा आणि आमच्या यानाकडे परत पाठवा. चुकवू नका.”

तेवीस शब्द. सात उरले.

आगलावे पोट धरून हसले. “अगं, तो परत यायला पंचवीस वर्षं लागतील! तोवर पोपट लक्षात तरी राहील का?”

“राहील. तुम्हीसुद्धा राहाल.”

मग तिला इतर मुलांबरोबर सत्कार पाहायला बसवले. टाळ्या वाजवायची सक्त ताकीद होती. आगलाव्यांनी पृथ्वीवरून निघतानाच आयोजकांना बजावून ठेवले होते, की शाल पहिल्या वीस मिनिटांत पडली पाहिजे. स्वतःचे तीस शब्द त्यांनी आभार मानण्यात आधीच खर्च केले होते. पण सत्कार तो सत्कारच. दीपप्रज्वलन झाले. स्वागतगीताची पाच कडवी झाली. प्रास्ताविक करणारे गृहस्थ स्वतःच्याच लहानपणाविषयी बोलत राहिले. शेवटी अध्यक्ष उठले, त्यांनी शालीची घडी हातात घेतली, आणि तास संपला. वाटेतले दगड टिपायला थाळी आपोआप पुढे वळली. पडदा काळा झाला.

बाकीची मुले सुटल्यासारखी पळाली. आगलावे तसेच उभे होते. मग त्यांना काहीतरी सुचले आणि त्यांनी शाल्मलीचा हात धरला.

“शाल्मली! थाळी आता अग्रकेंद्राकडेच वळली आहे. शाल अजून यानापर्यंत यायची आहे. आत्ता, या घटकेला निरोप सुटला, तर तो तिच्या पुढं राहील. तुझे सात शब्द शिल्लक आहेत ना? ‘सत्कारही पकडा.’ दोनच शब्द, माझी आई! दुसऱ्या कुणाला बोलावून आणेपर्यंत ती निघून जाईल गं!”

शाल्मलीने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग ती यंत्रासमोर गेली. खुर्ची पुढे ओढली. बसली. घसा खाकरला. आणि शाळेत पत्र वाचून दाखवावे तशी, एकेक शब्द सुटा करत, ती बोलू लागली:

“सप्रेम... नमस्कार... विनंती... विशेष... पत्र... लिहिण्यास... कारण...”

यंत्राचा लाल दिवा लागला.