केरुबोबाईंसोबत जेवण

शनिवारी सकाळी मी कोळशाची शेगडी पेटवली, दूध आणि पाणी एकत्रच उकळत ठेवले, केळीखाली उकरणाऱ्या कोंबड्या हुसकल्या आणि चहापत्ती टाकून मगच फोन हाती घेतला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पटांगणात हरांबे, म्हणजे गावाने मिळून पैसे उभे करायचा मेळावा होता. दवाखान्याच्या बाळंतिणींच्या खोलीवर पत्रे घालायचे, त्यासाठी लोकांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव. नैरोबीत गेलेल्यांनाही बोली लावता यावी म्हणून यंदा माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या ओंबाटीने व्हॉट्सॲपवर गट काढला होता, फेसबुकवर फोटो टाकले होते. साधा फोन असलेल्यांना तो एसएमएस करी. कोंबडा, केळीचा घड, मी विणलेल्या टोपल्या... आणि आज सर्वांत वर माझाच फोटो! ‘केरुबोबाईंसोबत जेवण. बोली सुरू.’

तो फोटो ओंबाटीनेच काढला होता. पावसात, डोक्यावर टोपली धरून मी हसत असताना. ते हसू लिलावासाठी नव्हते.

खाली किसी शहराच्या बाजारातल्या मोगाका व्यापाऱ्याने लिहिले होते, ‘नुसतं जेवण, की मुक्कामही?’ त्यावर सगळा गट खिदळत होता. आणि सर्वांत मोठी बोली ओंबाटीची!

शेगडी तशीच टाकून मी चर्चकडे निघाले. ओंबाटी पायरीवर बसला होता.

“मला काय कोंबडी समजलास?”

त्याचे हसू मावळले. “म्हणजे... तुला माहीत नव्हतं? हरांबेचे अध्यक्ष म्हणाले, तू हो म्हणालीस.”

“आणि तू मला विचारलं नाहीस! रोज शाळेपासून घरापर्यंत जगभरच्या गप्पा मारतोस, तेव्हा जीभ बरी चालते!”

“विचारलं असतं तर... कुणाहीसोबत जेवायला तू तयार आहेस, हे तुझ्या तोंडून ऐकावं लागलं असतं. धीर झाला नाही.”

“बोली लावायला बरा झाला!”

“ते जेवण मोगाकाच्या वाट्याला येऊ नये म्हणून—”

“वा! आणि तुझ्या वाट्याला यावं, हे कुणी ठरवलं?”

आवाज ऐकून अध्यक्ष न्याकुंडीकाका बाहेर आले. “अगं पोरी, थट्टा ती. गेल्या वर्षी एकच अंडं चारदा विकलं; घेणारा परत देई, की पुन्हा बोली. कुणी रागावलं का?”

“अंड्याला कुणी विचारत नाही, काका. मला विचारता आलं असतं.”

“तुझ्या एका जेवणावर अर्धे पत्रे येतील. तुझ्या बहिणीचं बाळंतपण त्याच गळक्या खोलीत झालं ना?”

हे मात्र लागले. “झालं. भावोजी रात्रभर तिच्यावर छत्री धरून उभे होते. म्हणूनच महिनाभर टोपल्या विणल्या मी. त्या विका. मला नाही.”

काका म्हणाले, “आता मागे घेतलं तर लोक हसतील.”

“हसू देत,” ओंबाटी हळूच म्हणाला. “संदेश माझ्या नावाने गेलाय, काका. माझ्याच नावाने रद्द होईल.”

त्याने आधी फोटो काढून टाकला. मग लिहिले आणि फोन माझ्यापुढे धरला: ‘केरुबोबाईंना न विचारता त्यांचं नाव लिलावात घातलं. चूक माझी. बोली रद्द. माझ्या बोलीची रक्कम मी पत्र्यांसाठी देतोय; बदल्यात काही नको.’

“एकट्याची चूक?” मी विचारले.

त्याने काकांकडे पाहिले आणि ‘माझी’च्या पुढे ‘आणि अध्यक्षांची’ असे घातले. काका तणतणत आत गेले.

“केरुबो... लिलाव-बिलाव काही नाही. जेवशील माझ्याकडे? आई घरी असताना. नाही म्हणालीस तरी...”

“माझा राग गेलेला नाही.”

“दिसतोय.”

“रांधणार कोण?”

“मी,” तो म्हणाला, आणि चक्क लाजला.

मी त्याचा फोन घेतला आणि संदेश पाठवला. गटावर, फेसबुकवर, एसएमएसनेही.

हरांबेतून पत्रे अर्ध्याच खोलीपुरते आले. मोगाकाने दमडी दिली नाही. त्याची आठवण झाली की अजून माझे डोके फिरते.

बुधवारी मी ओंबाटीच्या घरी गेले. मक्याच्या पिठाची उगाली मध्ये कच्ची राहिली होती. तसे मी त्याला त्याच्या आईसमोर स्पष्ट सांगितले, आणि वाढायला ताट पुन्हा पुढे केले.