पाणी थांबण्याआधी

पहिल्या दिवशी मी त्याच्या पायांना अडखळून पडता पडता वाचले. चाचणीच्या लांबलचक हौदावर फळी टाकून हा पठ्ठ्या पालथा पडला होता, हात कोपरापर्यंत पाण्यात. मी चिडले, तर वर न बघताच म्हणाला की ओरडू नका, पाणी हलतं. अस्सा राग आला होता मला!

नंतर कळलं, मी आखलेल्या बोटीचं मॉडेल बनवणारा कारागीर तो हाच. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडल्यासारखी ती बोट. मधल्या जागेत पंख्याने हवा भरायची, आणि ती निसटू नये म्हणून पुढे-मागे रबरी पडदे. हवेने बोट उचलली जाते, पाण्याची मागे खेचणारी ओढ कमी होते... म्हणजे व्हायला हवी. आमची मात्र वेग वाढला की नाक खाली घालायची. पुढचा पडदा त्याने कितीदा उसवून शिवला, देव जाणे. प्रत्येक फेरीनंतर हौदातलं पाणी शांत व्हायची वाट बघावी लागते, आणि त्या वेळात आमच्या गप्पा चालायच्या. त्याच्या प्रेमात कधी पडले, माझं मलाच कळलं नाही.

आज शेवटची चाचणी होती. नापास झाली तर काम बंद, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी बजावलं होतं. पास झाली तर खऱ्या बोटीचे पडदे शिवायला तो दूरच्या गोदीत जाणार — दोन वर्षांसाठी. पास व्हावी असं वाटत होतं, आणि होऊ नये असंही...

एक फेरी झाली आणि दुसरीसाठी थांबायचं भान मला राहिलं नाही. मी बटण दाबलं. मॉडेलने मध्येच गचका खाल्ला, ओढीचा आकडा भसकन वर गेला. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, पडदाच कच्चा आहे, आता पुरे.

तो मान खाली घालून उभा होता. मी गप्प बसले असते तर तो इथेच राहिला असता, रोज माझ्यासमोर. मी पुढे झाले.

"सर, पडदा चांगला आहे. पाणी अजून हलत होतं. माझी घाई झाली."

सर भयंकर चिडले, पण एक फेरी दिली. या वेळी पाण्यात छताचे दिवे सरळ दिसेपर्यंत आम्ही थांबलो. बोट नाक वर ठेवून सुळकन गेली, आकडा खालीच राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू फुटलं.

बाकीचे चहाला गेल्यावर तो जवळ आला.

"पाणी हलत होतं ते... मलाही दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस? खापर तुझ्या पडद्यावर फुटत होतं."

"फुटू दे म्हटलं." तो बोटाला उगाच दोरा गुंडाळत होता. "जावं तरी लागलं नसतं."

मी बघतच राहिले. वेडा कुठला! त्याचे कान लाल झाले होते, माझेही झाले असणार.

"दोन वर्षं आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे. जायच्या आधी घरी ये. आईला भेटायला."

"त्यांना काय सांगू?"

"ते माझ्यावर सोड," मी डोळे पुसत म्हणाले. "तू फक्त दाढी करून ये."