येत जा

"पदरचं एक अक्षरही घालत नाही," प्रभाकरकाका म्हणाले, "घडलं तेवढंच सांगतो."

जेवणं उरकली होती. नौपाड्यातल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांची पुतणी सान्वी आणि तिच्या मैत्रिणी सतरंजीवर बसल्या होत्या. सान्वी दुसऱ्या दिवशी विद्यापीठात दाखल होणार होती. काकांचा भाचा प्रीतम, त्याचा मित्र सर्वेश. हकिकत त्या सर्वेशची.

सर्वेश लांज्याहून ठाण्यात शिकायला आला. विद्यापीठाचं आवार एवढं विस्तीर्ण, की त्याच्या गावाची सगळी वस्ती तिथल्या एका इमारतीत मावली असती. दोन महिने झाले, तरी त्याला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. डबा तो जिन्याखाली एकटाच खाई. आई फोनवर विचारी, "मित्र झाले ना रे?" तो म्हणे, "हो गं, पुष्कळ." दिवाळीला घरी जायचं ते परत न येण्यासाठीच, असं त्याच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं.

सर्वपित्री अमावास्येचा शनिवार होता. चार्जर अभ्यासिकेत राहिला म्हणून तो आणायला सर्वेश रात्री वागळे इस्टेटमधल्या खोलीतून निघाला. अभ्यासिकेचा पहारेकरी म्हणाला, "लवकर बाहेर ये रे, कुलूप लावायचंय."

आत शेवटच्या बाकावर एक मुलगा बसला होता.

"नवीन ना तू? जेवलास का?"

ठाण्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. सर्वेशला भरून आलं.

मुलाचं नाव उत्तम. राहायला, म्हणे, खाडीकाठी. वडापाव कुठे खावा, कोणत्या सरांसमोर गप्प बसावं, त्याला सगळं ठाऊक. बोलत बोलत दोघे खोलीपर्यंत आले. उत्तम मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला. सर्वेशने घरच्या वळणाप्रमाणे गूळपाणी पुढे केलं. त्याने हात लावला नाही. निरोप देताना लांज्याच्या घरी प्रत्येक पाहुण्याला म्हणतात, तेच सर्वेश म्हणाला, "येत जा हं."

उत्तम वळला. "नक्की?"

"अरे, विचारतोस काय? कधीही ये."

"बघ हं. मग मी येणार."

"आणि आला?" सान्वीने विचारलं.

"रोज," काका म्हणाले. "रोज रात्री."

उंबऱ्याबाहेर उभा राहून तो गप्पा मारी. त्या सोबतीने सर्वेशला धीर आला. तो वर्गात बोलू लागला. प्रीतम त्याची टर उडवी, "काय रे हापूस, तुला तोंड आहे होय!" वर्गातली रचना डब्यातलं त्याच्या पुढ्यात वाढी. आता दिवाळीनंतर परत यावंसं त्याला वाटू लागलं. कोजागिरीला प्रीतम आणि रचना मसाला दूध घेऊन त्याच्या खोलीवर आली. खोलीवर आलेली ती पहिली माणसं.

पेले भरले, तोच दार वाजलं.

"उत्तम असणार!" सर्वेश आनंदाने म्हणाला. "थांबा, ओळख करून देतो."

रचनाने दार उघडलं. "अरे, कुणी नाहीये."

सर्वेशला तो दिसत होता. नेहमीच्या जागी. नेहमीच्याच शर्टात.

"हा काय... उभा आहे ना."

प्रीतम हसला. मग त्याने सर्वेशचा चेहरा पाहिला.

"यांना जायला सांग," उत्तम म्हणाला.

"का?"

"बोलावलंस मला. ही कशाला?"

"सर्वेश..." रचना हळूच म्हणाली, "कुणाशी बोलतोयस?"

उत्तमचा पाय उंबऱ्याच्या आत आला. पहिल्यांदाच.

रचनाच्या हातातला दुधाचा पेला मघाशी इतका गरम होता, की धरवत नव्हता. आता तो गार होता.

"सांग त्यांना."

दारी आलेल्याला नको म्हणायला सर्वेशला घरात कुणी शिकवलं नव्हतं. त्याने प्रीतमकडे पाहिलं. रचनाकडे पाहिलं. आज ही दोघं गेली, तर पुन्हा येणार नव्हती.

"उत्तम... तू येऊ नकोस. यापुढे."





मग उत्तम अगदी मायेने म्हणाला, "बरं. मी नाही येत."

पाय मागे गेला.

"तू येत जा."

काका थांबले. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"त्याच आठवड्यात प्रीतमने त्याला डोंबिवलीला, माझ्या बहिणीच्या घरी राहायला नेलं. उत्तम पुन्हा दिसला नाही. सर्वेश शिकला, रमला. आजही तिघं एकत्रच असतात."

"म्हणजे सुटला बिचारा," सान्वी म्हणाली. "काका, उद्या माझा पहिला दिवस आहे हो. उगाच घाबरवलंत."

"मलाही वाटलं, सुटला." काकांचा आवाज उतरला. "पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच अमावास्येला पहाटे प्रीतमला जाग आली. तिसरा मजला. दाराला आतून कडी, तशीच. सर्वेश शेजारी गाढ झोपलेला. पाय पांघरुणाबाहेर आलेले...

"तळव्यांना खाडीचा काळा चिखल होता. ओला."