चार नंबरवर अजून कोणीतरी आहे

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की अंधारात भास झाला असेल.

भर दुपार होती. गेल्या नोव्हेंबरातला तिसरा रविवार. सिल्वासाजवळ अथालला धाग्याची एक फॅक्टरी आहे, तिथे हे घडलं. फॅक्टरीचं नाव देणार नाही. मला रोज त्याच रस्त्याने जावं लागतं.

ज्याच्यासोबत घडलं तो वाल्मिक, माझा मावसभाऊ. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. आयुष्यात एकच खोटं त्याने धड पचवलं होतं.

ते पुढे येईलच.

वाल्मिक मूळचा साक्रीकडचा. टोकरखाड्यात भाड्याची खोली आहे, बायको रोशनी आणि तो. आधी मशीनवर ऑपरेटर होता. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून दोन वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागून त्याने बदली मिळवली. आता फॅक्टरीतले सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. प्रिंटर अडकला तरी वाल्मिक, आणि साहेबांच्या मेहुण्याचा मोबाईल अडकला तरी वाल्मिकच.

त्या रविवारी मशीनच्या लाईनींच्या दुरुस्तीसाठी फॅक्टरी बंद होती. वर्षातून एकदाच ठेवतात. तेवढ्या एका दिवसात अकरा कॉम्प्युटरांवर जुन्या विंडोजच्या जागी नवी चढवायची होती. एकटा वाल्मिक, खिशात एक पेन ड्राइव्ह.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे. करायचं काही नसतं, नुसतं बघायचं असतं. तीस टक्के... एकतीस टक्के... मग अर्धा तास एकतीसच. सकाळी सहापासून तो हेच बघत होता. आदल्या आठवड्यातही दोनदा उशिरापर्यंत थांबला होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं.

दुपारी दोनपर्यंत दहा झाले.

अकरावा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता. चार नंबर लाईनच्या केबिनमधला.

‘‘साहेब, तो एक उद्या केला तर?’’ त्याने श्रीकांत साहेबांना फोनवर विचारलं.

‘‘अरे, उद्या सातला लाईन चालू होणार. आजच उरकून टाक ना बाबा. किती वेळ लागतो त्याला?’’

साहेब चिपळूणचे, मनाने चांगले. त्या केबिनची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ते नंतर आलेले.

तर ती गोष्ट.

फॅक्टरीत एक नियम असतो. शिफ्ट संपली तरी रिलीव्हर येईपर्यंत मशीन सोडायचं नाही. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो आला नाही तर तुम्ही थांबायचं. एक तास थांबा, नाहीतर आणखी आठ तास थांबा.

चार नंबरवर सकाळच्या शिफ्टला रघुनाथआप्पा असायचे, केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून लाईन सांभाळायचे. आमच्याच भागातले, अहिराणी बोलणारे. पन्नाशी उलटलेली. दुपारी तीनला वाल्मिक त्यांना सोडवायला यायचा. आप्पांची सवय होती. वाल्मिक दारात दिसला की विचारायचे, ‘‘ऊना का रे भाऊ?’’ म्हणजे आलास का. तो म्हणायचा, ‘‘ऊनू, आप्पा. तुम्ही जा आते.’’ तो खुर्चीत बसेपर्यंत थांबायचे. मग त्याच्या खांद्यावर दोन थापा मारायचे, चुन्याची डबी खिशात टाकायचे आणि निघायचे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तीन वाजले आणि वाल्मिक आला नाही.

आप्पांच्या छातीत सकाळपासून भरून आलं होतं. त्यांनी सुपरवायझरला सांगितलंही. तो म्हणाला, रिलीव्हर येऊ दे, मग जा दवाखान्यात.

आप्पांनी वाल्मिकला तीन फोन केले.

वाल्मिक पोहोचला पावणेपाचला. आप्पा खुर्चीतच होते. तोंड स्क्रीनकडे, उजवा हात माऊसवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं काम चाललंय. सगळ्यांना तेच वाटलं होतं.

वाल्मिकने सांगितलं, वाटेत रिक्षा बंद पडली. सगळ्यांनी मान डोलावली. कोणी एका शब्दाने बोललं नाही त्याला.

रिक्षा बंद पडलीच नव्हती.

तो झोपला होता. आदल्या दिवशी डबल शिफ्ट करून आलेला. बूट घालायला खाटेवर बसला आणि एक बूट हातात घेऊन तसाच आडवा झाला. हे त्याने रोशनीलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर तो त्या खुर्चीत कधी बसला नाही. बदलीच्या मागे लागला तो त्यासाठीच.

आता पुन्हा रविवारवर येतो.

केबिनमध्ये तो शिरला तेव्हा अडीच वाजले होते. बाहेर चार नंबरची सगळी लाईन गप्प उभी. एरवी इथे कानात ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

खुर्ची तीच होती. वर उरल्यासुरल्या धाग्याची गादी, आप्पांनीच शिवलेली.

वाल्मिक बसला नाही. पाय दुखत होते तरी उभ्यानेच पेन ड्राइव्ह लावला.

गंमत म्हणजे हा कॉम्प्युटर सगळ्यांपेक्षा जुना, पण भराभर पुढे गेला. कुठे अडला नाही. वाल्मिकला बरं वाटलं. रोशनीला फोन करून सांगितलं, चारपर्यंत येतो, वरण-भात टाक.

तीनला दोन मिनिटं कमी असताना रीस्टार्टचं बटण आलं. त्याने दाबलं.

आणि स्क्रीनवर एक ओळ आली...

‘या कॉम्प्युटरवर अजून कोणीतरी काम करत आहे. आत्ता रीस्टार्ट केलं तर त्याचं काम वाया जाईल.’

इंग्रजीत होतं, अर्थ हा. तसं ते घाबरण्यासारखं नाही. एक माणूस लॉगआऊट न करता उठला आणि दुसऱ्याने कॉम्प्युटर उघडला की विंडोज असं विचारते. वाल्मिकने हजारदा पाहिलं होतं. कोण विसरलं म्हणून त्याने यादी उघडली.

दोन नावं होती. एक त्याचं.

दुसरं... रघुनाथ.

आप्पांचं खातं त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर तो कॉम्प्युटर शंभर वेळा बंद-चालू झाला असेल.

बाहेर आज तीनचा भोंगा होणार नव्हता. फॅक्टरी बंद होती. पण भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले आणि...

खुर्ची करकरली.

बसलेला माणूस दाराकडे बघायला वळतो, तेव्हा करकरते तशी.

वाल्मिकने तिच्याकडे बघितलं नाही. स्क्रीनवरून नजर हलवायची नाही, असं त्याने ठरवलं. ‘तरीही रीस्टार्ट करा’ हे बटण दाबलं.

तीच ओळ पुन्हा आली.

पुन्हा दाबलं.

पुन्हा तीच.

मग आवाज आला... टक, टक. नखाने पत्र्याची डबी वाजवल्यासारखा. आणि त्यामागून एक उसासा. रागाचा नव्हता, हे तो मला चार-चारदा सांगतो. थकलेल्या माणसाचा होता. आठ तास झाले, अजून कोणी आलं नाही, तसा.

पळून जाता आलं असतं. दार उघडंच होतं. पण वाल्मिक म्हणतो, पळायलाही अंगात जोर लागतो रे. तो नव्हता. दोन वर्षं ते खोटं वाहून तो इतका दमला होता की तिथेच टेबलाला धरून उभा राहिला आणि रडला.

‘‘आप्पा,’’ तो म्हणाला, ‘‘रिक्षा बंद पडली नव्हती. मी झोपलो होतो. तुमचे तिन्ही फोन आले होते. मी झोपेत होतो, आप्पा.’’

डबीचा आवाज थांबला.

कोणीतरी ऐकतंय, असं वाटलं त्याला.

मग त्याच्या तोंडून सवयीने ते शब्द निघाले. विचार करून नाही, असं तो शपथेवर सांगतो.

‘‘मी ऊनू, आप्पा. तुम्ही जा आते.’’

आणि तो त्या खुर्चीत बसला.

गादी... कोमट होती.

खांद्यावर दोन थापा पडल्या. हलक्या, नेहमीच्या.

स्क्रीन काळा झाला. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला.

त्यानंतरचं त्याला आठवत नाही. जाग आली तेव्हा नवी विंडोज तयार होती, स्क्रीनवर निळा प्रकाश. घड्याळात पावणेपाच. तोंड स्क्रीनकडे, उजवा हात माऊसवर.

तो घरी आला, वरण-भात जेवला, रोशनीला सगळं खरं सांगितलं. तीही रडली. म्हणाली, सुटले बिचारे. त्या रात्री वाल्मिक दोन वर्षांत पहिल्यांदा शांत झोपला.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

सोमवारी दुपारी तीनला चार नंबरवरच्या विकीचा फोन आला.

‘‘वाल्मिकदादा, लॉगआऊट करायचं भूल गये क्या? रीस्टार्ट मारतोय तर लिहून येतंय, अजून कोणीतरी आहे. तुमचंच नाव दाखवतंय.’’

वाल्मिकने जाऊन स्वतःचं खातं काढून टाकलं. मंगळवारी ते पुन्हा होतं. त्याने पुन्हा काढलं. बुधवारी पुन्हा. शेवटी नवी विंडोज पुसून परत पहिल्यापासून टाकली.

नाव तिथेच आहे. रविवार, दुपारी तीनपासून चालू.

आता सुट्टीच्या दिवशीही तीन वाजले की तो असेल तिथे बसतो. रोशनी सांगते, भिंतीकडे तोंड करून बसतात. हाक मारली तर ओ देतात, पण उठत नाहीत. उजवा हात चादरीवर पुढे-मागे सरकत असतो. पावणेपाचला उठतात आणि डबल करून आल्यासारखे गळून जातात. दहा-दहा तास झोपूनही म्हणतात, झोप झाली नाही.

डॉक्टर झाले, देवाचं झालं. गावी जाऊ म्हटलं तर वाल्मिक एवढंच विचारतो, ‘‘आणि रिलीव्हर कोण?’’

गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. चहा झाल्यावर त्याने माझा हात धरला. माझा मावसभाऊ, बोरं वाटून खाल्लेला. डोळ्यांखाली काळं झालंय.

‘‘एकदा ये ना रे केबिनमध्ये,’’ तो म्हणाला. ‘‘रविवारी तीनला. नुसतं बसायचं. दहा मिनिटं. मी तेवढ्यात पाय मोकळे करून येतो.’’

मी म्हटलं, येतो.

काल रविवार होता. तीन वाजले तेव्हा मी घरीच होतो. कपडे घालून, दाराला कडी लावून, खाटेवर बसलो होतो. फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही.

तिसऱ्यांदा उचलला.

‘‘ऊना का रे भाऊ?’’ वाल्मिक म्हणाला.

मी म्हणालो, ‘‘अरे, निघालोच होतो. वाटेत रिक्षा बंद पडली.’’

तो रागावला नाही. फक्त एक उसासा टाकला...

आणि मागे, अगदी फोनजवळ, कोणीतरी नखाने डबी वाजवली. टक, टक.

वाल्मिक तंबाखू खात नाही.