रवणीवर

आमचा शिपाई धोंडिराम देवनारच्या कत्तलखान्यातून थर्मास घेऊन यायचा तो बरोबर सव्वादहाला. थर्मासात चहा नसायचा. कोमट मिठाच्या पाण्यात कापलेल्या म्हशींचे बीजांडकोश असायचे. आरे कॉलनीच्या कडेला आमची प्रयोगशाळा. साल सत्त्याऐंशी. नोंदवही माझ्याकडे, सूक्ष्मदर्शक सुलक्षणाकडे.

बीजांड पिकायला चोवीस तास लागतात. भोवतालच्या पेशी सैल होतात, केंद्रकाचा पडदा विरतो, मग वाटणी. ती अगदी आमच्या थोरल्या काकांसारखी: सगळा ऐवज स्वतःकडे, आणि गुणसूत्रांचा हिस्सा तेवढा एका इवल्या थेंबात घालून दाराबाहेर. त्या थेंबाला ध्रुवपिंड म्हणतात. तो दिसला की मी वहीत खूण करायची.

सुलक्षणाला पाचवा महिना होता. आधीची दोन चौथ्यातच गेलेली. शिंक आली तरी ती पोट धरायची.

"नलूताई, बघ ना जरा," ती एका सकाळी म्हणाली.

बशीत त्रेचाळीस बीजांडं. त्रेचाळिसांचे थेंब एकाच बाजूला. तिच्या.

"बशी कलंडली असेल गं."

टेबल सपाट होतं. खिडकी झाकून पाहिली. मग मी बशी अर्धी फिरवली.

"बाई, रवणीक घातलेली अंडी फिरवूची नसतत!" धोंडिराम दारातूनच ओरडला. त्याच्या गावी कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवतात ती रवण. आमच्या उबवणीपेटीलाही तो तेच म्हणायचा.

"मी काय खुडूक कोंबडी रे?" सुलक्षणा हसली. "फिरवली तर काय होतं?"

"आतला वाट चुकता."

अर्ध्या तासाने थेंब पुन्हा तिच्याकडे. ती पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसली. दुपारपर्यंत तेही तिकडे वळले. मी बसून पाहिलं, धोंडिरामला बसवलं. आमच्याकडे एकही वळेना. वहीत अशा गोष्टीला रकाना नव्हता. मी समासात बाण काढला.

"मुलगी आहे," सुलक्षणा म्हणाली. "पाचव्या महिन्यात मुलीच्या गर्भात लाखो बीजांडं तयार असतात, अर्धवट वाटणीवर थांबलेली. ओळखतात ना एकमेकींना."

थट्टाच ती. पण त्या दिवसापासून ती शिंकताना पोट धरेनाशी झाली.

घाटकोपरला सोनोग्राफी झाली. गर्भ एक, ठोके चांगले. नववा भरला आणि खरंच मुलगी झाली, तीन किलोची.

सव्वा महिन्याने ती बर्फी घेऊन आली. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि दाराजवळच्या बाकावर बसली. तासभर गप्पा झाल्या. बाळाला जांभई आली. मी सवयीने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

नवी बशी. अडतीस बीजांडं.

बाळ माझ्या मांडीवरच होतं, बशीपासून वीतभर अंतरावर.

थेंब दाराकडे होते.

"काय गं?" सुलक्षणाने विचारलं.

"तुझ्याकडेच आहेत अजून," मी हसत म्हणाले. "आता काय ठेवलंयस तिथे?"

ती हसली नाही.

"म्हणजे मला भास होत नाही," ती हळूच म्हणाली, आणि पोटावरचा हात तिने अलगद डावीकडे सरकवला, आतल्याच्या मागोमाग.