न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

ही हकीकत मी आजवर फक्त दोघांना सांगितली. एकाने मला झोपेच्या गोळ्या सुचवल्या. दुसरी हसली. तुम्हीही हवं तर हसा. पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

टाळेबंदीतला रमजान होता. शुक्रवार. अम्मानमध्ये तेव्हा शुक्रवारी पूर्ण संचारबंदी असायची. भाकरी आणायलाही कुणी बाहेर पडायचं नाही.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. खोलीत लख्ख ऊन होतं.

मी अरीज. शाळेत गणित शिकवते. तेव्हा जबल लुवैबदेह या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. खालच्या दोन्ही मजल्यांवर राहणारं कुटुंब टाळेबंदीच्या आधी करक शहरात गेलं आणि तिकडेच अडकलं. माझ्या डोक्यावर फक्त गच्ची.

म्हणजे अख्ख्या इमारतीत मी एकटी.

रोजा सोडायच्या आधीचे ते दीड-दोन तास जाता जात नाहीत. म्हणून मीच टूम काढली. व्हिडिओ कॉलवर प्रश्नमंजुषा! मी वीस प्रश्न काढले, वीस कार्डांवर लिहिले. खेळणारे तिघे. इर्बिदहून सौसन, झर्काहून मुन्झिर आणि माझ्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहणारा इयाद. कॉलेजपासूनची आमची चौकडी. हरेल त्याने टाळेबंदी उठल्यावर सगळ्यांना कतायफ, म्हणजे रमजानमधल्या गोड करंज्या, करून घालायचे, असं ठरलं.

"मुन्झिर, आत्ताच कणीक भिजवायला घे," सौसन म्हणाली.

"तुझी जीभ उपाशीपोटीही बरी चालते गं!"

मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप ठेवून बसले. माझ्या पाठीमागे कोरी भिंत. खुर्ची आणि भिंतीत जेमतेम हातभर जागा.

पहिले तीन प्रश्न मजेत गेले.

चौथा विचारला. "जगातलं सगळ्यात खोल सरोवर कोणतं?"

तिघंही गप्प. मग सौसन चिडून म्हणाली, "अरीज, हे काय? उत्तर कशाला सांगितलंस?"

"मी? मी कुठे काय बोलले?"

"तू नाही गं. तुझ्याकडे जी कोणी आहे ती. बैकल म्हणाली ना आत्ता."

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत.

"माझ्याकडे कोणी नाही."

"लबाड!" मुन्झिर हसला. "कुवेतची बहीण आली वाटतं. आणि आम्हाला पत्ताच नाही!"

विमानं महिनाभर बंद होती. बहीण कुठून येणार? मी पाचवं कार्ड उचललं. "मोठ्या माणसाच्या शरीरात हाडं किती?"

पुन्हा कोणी उत्तर देईना.

तिघंही माझ्याकडे बघत होते. नाही... माझ्याकडे नाही. माझ्या जरा बाजूला.

"दोनशे सहा," इयाद हळू म्हणाला. "हे मी सांगत नाहीये, अरीज. तिने सांगितलं."

"मला काहीच ऐकू आलं नाही."

"एवढं स्पष्ट बोलली!"

मी टीव्ही पाहिला. बंद. रेडिओ माझ्या घरी नाहीच. उठून खिडकी लावली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. इयाद म्हणाला, "तुझा माइक बंद कर बघू." मी केला. त्याने अंगठा दाखवला, आता काही ऐकू येत नाही.

मी माइक पुन्हा सुरू केला.

सौसनने पटकन तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"कोणीतरी... श्वास घेतंय."

मी स्वतःचा श्वास रोखून धरला. खोलीत काही नव्हतं. फ्रिजची घरघर, बस्स.

"अजूनही घेतंय?"

तिने फक्त होकारार्थी मान हलवली.

तेव्हाच उठायला हवं होतं मी. पण माणूस कसा असतो बघा. मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. तिघं मिळून मला बनवताहेत, एवढंच डोक्यात. म्हटलं, आता यांना पकडते. पुढचं कार्ड उचललं आणि वाचलंच नाही. नुसतं हातात धरून बसले. कार्डाची कोरी बाजू त्यांच्याकडे, लिहिलेली माझ्याकडे.

पाच सेकंद... दहा सेकंद...

"तीन," मुन्झिर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तीन म्हणतेय ती. कशाचे तीन, अरीज? तू तर काही विचारलंच नाहीस."

मी कार्डाकडे पाहिलं.

ऑक्टोपसला हृदयं किती असतात?

ती कार्डं मी आदल्या दिवशी एकटीने लिहिली होती. कोणाला दाखवली नव्हती. या कार्डावर काय लिहिलंय ते वाचायचं तर एकच जागा होती.

माझ्या खांद्यामागे. त्या हातभर जागेत.

मागे बघायचा धीर होईना. पडद्यावर माझ्या चौकोनात मी होते आणि मागे कोरी भिंत. दुसरं काही नाही.

तेवढ्यात इयादच्या चौकोनात मावशी आल्या. इयादची आई. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. हातात पळी होती, मसूरच्या सुपाची.

"कोण रे ही बाई? किती वेळ ऐकतेय स्वयंपाकघरातून. थोड्या वेळाने रोजा सोडायचाय, तिला म्हणावं घरी जा."

"आई... अरीजकडे कोणी नाहीये."

मावशींनी पळी खाली ठेवली. पडद्याच्या अगदी जवळ आल्या. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बाई, तू कोण आहेस? काय हवंय तुला?"

मला शांतता ऐकू आली.

पण त्या चौघांना ती ऐकू आली नाही. त्यांना काहीतरी वेगळंच ऐकू आलं. सौसन रडायला लागली. मुन्झिर खुर्चीसकट मागे सरकला. आणि मावशींनी... सावकाश, नकारार्थी मान हलवली. जणू कोणाला उत्तर देत होत्या.

"काय म्हणाली? मावशी, काय म्हणाली ती?"

"अरीज, बाळा." आवाज अगदी शांत होता त्यांचा. पण ओठ पांढरे पडले होते. "आता ऊठ. मागे बघू नकोस. चपला शोधू नकोस. सरळ दाराबाहेर हो आणि आमच्याकडे ये."

"संचारबंदी आहे..."

"ऊठ म्हणते ना!"

मी उठले. खुर्ची मागे सरकायला हवी होती. ती सरकली नाही. कशाला तरी अडली.

कशीबशी कडेने बाहेर निघाले. दार उघडं टाकून अनवाणी जिने उतरले.

कोपऱ्यावर गस्तीची गाडी उभी होती. एका पन्नाशीच्या हवालदाराने अडवलं. "ताई, जीव नकोसा झालाय का? कुठे निघालात?"

मी मागे घराकडे बोट दाखवलं. त्याने माझे पाय पाहिले.

"घरात कोणी मारलं का तुम्हाला? कोण आहे घरात?"

त्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? मी नुसती रडत होते. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून मावशींची हाक आली. "ती माझी मुलगी आहे हो! सोडा तिला!" त्याने एकदा वर पाहिलं, एकदा मला पाहिलं. मग त्यांच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत चालत आला. त्याचं नावही मी विचारलं नाही.

तासाभराने अजान झाली. मावशींनी माझ्या तोंडात खजूर घातला.

टाळेबंदी संपेपर्यंत मी तिथेच राहिले. त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सामान इयादने आणलं. घरमालकाला विचारलं, तर त्याने शपथेवर सांगितलं की त्या घरात कधी कोणी वारलेलं नाही. मीच पहिली भाडेकरू होते म्हणे.

ती काय म्हणाली, हे मला कोणी सांगेना. मावशी विषय बदलायच्या. सौसन म्हणायची, "माझी शपथ आहे, विचारू नकोस."

दोन वर्षांनी, स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी, मुन्झिरने सांगितलं. मीच हट्ट धरला होता.

"तिने मावशींना उत्तर दिलंच नाही, अरीज. उलट त्यांनाच विचारलं, हिला मी ऐकू येत नाही का?"

मावशींनी मान हलवली ती त्यावर.

"मग?"

"मग ती गप्प झाली. पण श्वास... माइकच्या अगदी जवळ आला. तुझ्यापेक्षाही जवळ."

आता मी मरकामध्ये राहते. नवीन इमारत आहे, शेजारपाजार आहे, खाली दुकानं आहेत. वर्गात मुलांना शंभर प्रश्न विचारते. पण घरी एकटी असताना मोठ्याने एकही प्रश्न विचारत नाही. किती वाजले, दूध संपलं का, काहीच नाही.

गेल्या महिन्यात चूक झाली. शाळेला उशीर होत होता आणि तोंडातून निघून गेलं, "किल्ल्या कुठे ठेवल्या मी?"

मी जागच्या जागी थिजले. कान देऊन उभी राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं...

काहीच ऐकू आलं नाही.

पण मला तर तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं.